मोजकेच पण कुठंही चालणारे कपडे: साताऱ्यात हे जमतं का?

मोती चौकातली (धागा सुरू करणारी)

घराला रंग द्यायचा म्हणून दिवाळीआधी कपाट पूर्ण रिकामं केलं. पलंगावर ढीग लागला तेव्हा मोजत गेले: कुर्ते ३८, सलवारी आणि लेगिंग मिळून २२, ओढण्या १९, साड्या ३१. मी एका पतसंस्थेत काम करते, आठवड्याचे सहा दिवस बाहेर पडते. गेल्या तीन महिन्यांत यातलं खरोखर काय अंगाला लागलं ते बाजूला काढलं, तर सात कुर्ते, तीन सलवारी, दोन साड्या. बाकीचं नुसती जागा अडवून आहे, आणि तरी रोज सकाळी "घालायला काहीच नाही" हे माझ्या तोंडी असतंच.

'कॅप्सूल वॉर्डरोब', म्हणजे एकमेकांवर जुळणारे मोजकेच कपडे ठेवायचे, ही कल्पना आता बऱ्याच जणींना माहीत आहे. लंडनमध्ये कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या सूझी फॉ यांनी १९७० च्या दशकात हा शब्द रूढ केला. १९८५ साली न्यूयॉर्कच्या डोना करन यांनी नोकरदार बायकांसाठी सात कपड्यांचा संच आणला; तेच सात एकमेकांबरोबर फिरवून घालायचे. कल्पना मला मनापासून पटते, यादी पटत नाही. त्यांच्या संचात लोकरी स्वेटर होता, चामड्याचा एक कपडा होता. आपल्या एप्रिलमध्ये दोन्ही निरुपयोगी.

म्हणून मी माझी यादी केली. एक मोतिया सुती कुर्ता, एक गडद निळा. काळी सरळ पँट, मोतिया सलवार. लाल काठांची इरकली ओढणी, जी दोन्ही कुर्त्यांवर बसते. वांगी रंगाचं खणाचं ब्लाउज, कारण ते माझ्या चार साड्यांवर जातं. एक इरकल. कोल्हापुरी चप्पल, तपकिरी चामड्याची पर्स आणि मोत्याच्या कुड्या. कुड्यांबाबत मी ठाम आहे. त्या ऑफिसात कुर्त्यावर शोभतात, लग्नात नऊवारीवर शोभतात आणि मंगळसूत्राशेजारी उपऱ्या वाटत नाहीत. ऑक्सिडाइज्ड झुमके सोन्याच्या वाट्यांजवळ मला कधीच बरे दिसले नाहीत.

आता हिशेब. मोतिया कुर्त्याचं कापड खणआळीतून घेतलं, शिलाईसकट १,१०० रुपये पडले. दोन वर्षांत शंभरदा तरी घातला, म्हणजे एका वेळेला ११ रुपये. बहिणीच्या लग्नासाठी घेतलेला घेरदार अनारकली ३,२०० चा, दोनदा घातला. एका वेळेला १,६००.

माझं म्हणणं असं की नवीन काही घेताना एवढंच विचारावं: घरात आहेत त्यातल्या तीन वस्तूंबरोबर तरी हे जातं का? जात नसेल तर कितीही आवडलं तरी सोडून द्यावं. ज्यांना पटत नाही त्यांनी मोकळेपणानं लिहा.

जावळीतली शिक्षिका

ताई, तुमची यादी ऑक्टोबर ते मे ठीक आहे. मेढ्याच्या पुढच्या गावात जून ते सप्टेंबर राहून दाखवा. सुती कुर्ता तिसऱ्या दिवशीही दमट असतो. मी तो तव्यासारख्या तापलेल्या इस्त्रीनं वाळवते, तरी काखेतला कुबट वास जात नाही. चामड्याच्या पर्सला पंधरा दिवसांत बुरशी येते. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं, ते पाणी पितं आणि फुगतं. चार महिने ती चप्पल माळ्यावरच असते.

माझ्याकडे पावसाळ्यासाठी वेगळे नऊ कुर्ते आहेत, त्यातले पाच पॉलिएस्टरचे. शोभेत ते कमी पडतात, पण दोरीवर रात्रीत वाळतात. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, दहिवडीला ५०० च्या आसपास. एकाच जिल्ह्यात एवढा फरक असताना सगळ्यांना एकच आकडा कसा लावायचा? किती कपडे लागतात हे वाळत घालायच्या दोरीवर ठरतं.

सदाशिव पेठेतल्या काकू

अगं, तुझ्या हिशेबात एक मोठी चूक आहे. तू घालण्याचे दिवस मोजलेस, कुणी दिलं ते मोजलं नाहीस.

माझ्याकडे एक डाळिंबी साडी आहे. २६ वर्षांत चारदा नेसले असेन. थोरल्याच्या बारशाला सासूबाईंनी स्वतः दुकानात उभं राहून घेतलेली. तुझ्या भागाकारानं ती घरातली सगळ्यात महागडी, फुकट गेलेली वस्तू ठरते. मला ते मान्य नाही. आणि आहेराचं काय करणार आहेस? लग्न, ओटीभरण, वास्तुशांत, वर्षाला पाचसहा साड्या घरात येतात. देणाऱ्या बाईला "माझ्या तीन वस्तूंबरोबर ही जात नाही" असं सांगता येत नाही, सांगूही नये.

दुसरं, रंग. काळा पाया धरून सगळं जुळवायचं हे बाहेरच्या देशांत चालत असेल. आपल्याकडे हळदीकुंकवाला, बारशाला काळं घालून गेलीस तर घरची म्हातारी माणसं मनातून दुखावतात. संक्रांतीला मात्र काळी चंद्रकळाच हवी. वर्षातून एकदाच लागणारी साडी तुझ्या यादीत बसत नाही, पण त्या दिवशी तिच्याशिवाय माझं चालत नाही. गडद पाया हवाच असेल तर आमसुली घे, मोरपंखी घे, अंजिरी घे. हेही रंग सगळ्यांशी जुळतात आणि कुठल्याच कार्याला खटकत नाहीत.

मंगळवार पेठेतला शिंपी

ताई, मी ३४ वर्षं शिवणकाम करतो. तुमचे सातच कुर्ते का वापरात आहेत ते न बघता सांगतो. ते सात अंगाला बसतात. बाकीचे ३१ एकदा घालून आरशासमोर उभे राहा. कुठं मुंढा काचतो, कुठं गळा मागं ओढला जातो, कुठं बाही दंडावर अडकते. रंग जुळतो की नाही हा प्रश्न त्यानंतरचा. नको तिथं काचणारा कपडा बाई दुसऱ्यांदा हातात घेत नाही, आणि कारण तिचं तिलाही कळत नाही. तिला वाटतं रंगच आवडत नाही.

तयार कपड्यात आत माया, म्हणजे शिवणीत सोडलेलं जादा कापड, नसते. शिवण उलटून बघा, जेमतेम अर्धा इंच. अंग थोडं भरलं की तो कपडा संपला. शिवून घेताना दोन्ही बाजूंना इंच-दीड इंच माया सोडायला सांगा, पाच वर्षं कुर्ता तुमच्याबरोबर राहतो. सुती कापड शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात घालून वाळवून आणा, आटायचं तेवढं आधीच आटू दे. सगळ्यात घाई गिऱ्हाइकाला याचीच असते, आणि पहिल्या धुण्यात उंची गेली की दोष शिंप्याचा.

यादी करायचीच असेल तर माझ्याकडून एकच भर: ज्या मापाचा कुर्ता तुम्हाला सगळ्यात छान बसतो तो एक शिंप्याकडे नेऊन द्या आणि त्याच बेतावर पुढचे सगळे शिवा. रंग तुमच्या मनाचे.

कराडची, शेवटच्या वर्षाला

मला धाग्यातली मूळ कल्पनाच पटली नाही, आणि कारण पैसे. १,१०० चा कुर्ता दोन वर्षं टिकतो हे खरं असेल, पण १,१०० माझ्या हातात एकदम कधीच नसतात. २५०-३०० असतात, ते आले की मी टॉप घेते. चांगलं एकच घ्या असा सल्ला देणाऱ्याच्या हातात महिन्याचा पगार असतो.

शिवाय मोतिया रंग! मी रोज एसटीनं येते-जाते. खांबाला धरून उभं राहिलं, एकदा खिडकीला कोपर लागलं की बाही मळली. फिक्या कपड्याला रोज धुणं आणि रोज इस्त्री लागते. ती वेळ आमच्या घरात आईकडे नाही, माझ्याकडेही नाही. मला गडद आणि छापील कपडे लागतात. ते कुणाला स्टायलिश वाटत नसतील तर नसोत.

आणि मला रंग आवडतात. पोपटी, गुलबक्षी, लिंबू. एकविसाव्या वर्षी सगळं राखाडी-मोतिया करून कपाट शिस्तीत लावायचं असेल तर ती शिस्त मला नको.

मोती चौकातली

पैशाचं मला सुचलंच नव्हतं, ते मान्य करते. फिक्या रंगाचंही. मी पायी कामाला जाते, म्हणून मोतिया रंग मला निभतो. पण ३०० चे चार टॉप म्हणजे १,२०० झालेच ना? ते वर्षभर टिकतात का?

शिक्षिकाताई, पावसाचं पूर्ण मान्य. फक्त कोल्हापुरी मी यादीतून काढणार नाही. २०१९ साली तिला जे भौगोलिक मानांकन मिळालं त्यात कोल्हापूर, सोलापूरबरोबर आपला सातारा आणि सांगली हे जिल्हेही आहेत, सीमेपलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूरही. आपल्याच कारागिरांच्या हातची वस्तू आठ महिने रोज घालायला मिळते, मला तेवढं पुरतं. पावसाळ्याआधी तेल लावून कागदात गुंडाळून ठेवते.

कराडची, शेवटच्या वर्षाला

नाही टिकत. दोन टिकतात. पण ते १,२०० तीन-तीन महिन्यांनी गेले म्हणून जमले, ताई. एकदम द्यायचे असते तर जमलेच नसते.

कोरेगावचा

ही सगळी चर्चा आपल्याला नवी का वाटते? माझ्या आजीकडे दोन लुगडी होती, एक अंगावर, एक दांडीवर. कार्याला तिसरं ट्रंकेतून निघायचं. गळ्यात डोरलं, कानात कुड्या, पायात जोडवी. कधी विस्कटलेली दिसली नाही. फोटोत बघितलं तर आजही तिच्याइतकी रुबाबदार बाई घरात नाही. मोजके कपडे ही आपलीच रीत होती, आपण ती सोडली.

सदाशिव पेठेतल्या काकू

दादा, तुमच्या आजीबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहिते. माझ्याही आजीची दोनच लुगडी होती. एक भिजलं आणि दुसरं वाळलं नाही तर ती ओलंच नेसून चुलीपुढं बसायची. आईनं मला सांगितलंय की तिला एक हिरवं इरकल हवं होतं, बाजारात हात लावून बघायची आणि परत ठेवायची. आयुष्यभर नाही मिळालं. ती रीत नव्हती, नाइलाज होता. रुबाब तिचा होता, लुगड्यांच्या संख्येचा नव्हता. आमच्या पिढीच्या बायकांनी कपाटं भरली ती हे बघून भरली. थोडी जास्त भरली असतील, पण त्यामागं काय आहे ते विसरू नका.

कोरेगावचा

काकू, हे मी आजीला कधी विचारलं नाही. घरी आत्याला विचारतो.

सांगलीची, गावभाग

२०१९ च्या ऑगस्टातल्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. आमचं घर तळमजल्यावर. पाणी उतरल्यावर आलो तर कपाटाचं दार फुगून बसलेलं, पहारीनं उघडावं लागलं. आत सगळा गाळ.

त्यामुळं यादी मी कागदावर केली नाही, दुकानात उभी राहून केली, हातात थोडे पैसे घेऊन. काय घेतलं ते सांगते: चार छापील सुती कुर्ते, सगळे गडद. दोन सलवारी, एक काळी, एक मेंदी रंगाची. एक पांढरी ओढणी. रबरी चप्पल. यावर मी पाच महिने काढले. पालकसभा केली, एका साखरपुड्यालाही त्यातलाच कुर्ता घालून गेले, त्यावर बहिणीची ठुशी. कुणी एक शब्द बोललं नाही. म्हणून मोती चौकातल्या ताईंचं म्हणणं खरं आहे, रोजच्याला फार कमी लागतं. आणि कराडच्या मुलीचंही खरं आहे, ते गडद आणि छापीलच लागतं.

पण रडले मी आईच्या लग्नातल्या शालूसाठी. कधीच नेसले नव्हते. जरीची तार काळी पडली होती, पदर उचलला तर हातात आला. काकूंची डाळिंबी साडी वाचल्यापासून तोच डोळ्यांपुढं आहे. काकू, ती खालच्या कप्प्यात असेल तर वर ठेवा.

मोती चौकातली

तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला, मग उठून खालचा कप्पा रिकामा केला.

यादीत आता काळ्या पँटच्या जागी आमसुली येईल. पावसाळ्याचे चार कुर्ते वेगळे धरते. आहेराच्या आणि आठवणीच्या साड्या मोजदादीतच घेत नाही, त्यांच्यासाठी वरची ट्रंक. तीन वस्तूंचा नियम मात्र रोजच्या कपड्यांपुरता सोडणार नाही. दुकानात मन फिरतं तेव्हा त्यानंच मला चारदा वाचवलंय.

साड्या वर ठेवताना आईचं हिरवं इरकल सापडलं. तिनं १९९४ साली घेतलेलं, त्याच्यावरचं खणाचं ब्लाउजही आहे. मला छातीत दोन इंच कमी पडतं. शिंपीदादा, इतक्या जुन्या ब्लाउजमध्ये माया असेल का?

मंगळवार पेठेतला शिंपी

त्या काळच्या ब्लाउजला असते, ताई. अस्तर उलटून बाजूची शिवण चाचपून बघा, दुहेरी कापड बोटाला लागेल. तुम्ही उसवू नका, ब्लेड तर अजिबात लावू नका, जुना खण चिरतो. सुईच्या टोकानं एकेक टाका उचलावा लागतो. आतली पट्टी मूळ रंगाची निघेल, बाहेरच्यापेक्षा गडद, पण ती काखेखाली येते म्हणून दिसत नाही. साडीही बरोबर आणा. इरकलीत अंग सुती आणि पदर रेशमी असतो, दोन्हींचा ताणा, म्हणजे उभे धागे, फासे घालून जोडलेला. तो जोड कुठं विरलाय का ते उजेडात धरून बघू.