‘निषाद’ ऐकून ज्यांना कीव आली त्यांच्यासाठी

सातवा सूर:
परवा ‘मठ्ठ बोका’ यांनी लिहिलं की हल्लीचे आईबाप मुलाला नाव देत नाहीत, स्वतःच्या हुशारीची पाटी त्याच्या गळ्यात अडकवतात. पुढे उदाहरण: "एका बाळाचं नाव निषाद ठेवलंय म्हणे, ऐकून कीव आली. सचिन, अमोल, राहुल यांनी काय घोडं मारलं होतं?"

बोकोबा, ते बाळ माझं असेल किंवा नसेल, पण माझ्या बाळाचं नाव निषाद आहे. त्यामुळे लागलं, आणि गप्प बसवत नाही. आमच्या घरात गाणं आहे. निषाद म्हणजे सातवा सूर, नी. त्यावर येऊन गळा थांबत नाही, वरच्या षड्जाकडे, म्हणजे सा-कडे ओढला जातो. ती ओढ मला आवडते, म्हणून हे नाव. सामान्य नावांचं कौतुक मला सांगू नका. वर्गात आम्ही चार मनीषा होतो. बाई आडनावानेच हाक मारायच्या. मग नाव ठेवलं कशाला होतं?

मठ्ठ बोका:
सूर तुमचा आणि गळा त्याचा, मुद्दा हाच होता. निषाद म्हटलं की निम्म्या जगाला वाल्मीकींनी शाप दिलेला, क्रौंच मारणारा पारधी आठवतो. प्रतिष्ठा मिळणार नाही असा तो शाप आहे! वर तो पोटफोड्या ष. जन्मभर पोरगं "शहामृगातला नाही हो" सांगत फिरणार.

सातवा सूर:
बरा शापच आठवतो तुम्हाला. रामाला गंगेपार पाठवणारा निषादराज गुह नाही आठवत? एकलव्यही निषादच होता.

मठ्ठ बोका:
त्याचा अंगठा गेला.

जुनी पाटी:
भांडा, पण नावाला निदान अर्थ आहे यावर दोघांचं एकमत दिसतंय, तेवढंही आजकाल पुष्कळ. तीस वर्षं संस्कृत शिकवलं, आता हजेरीचा कागद बघितला की डोकं उठतं. आरव म्हणजे शांत, असं आईबाप छातीठोकपणे सांगतात. अहो, रव म्हणजे आवाज! आरव म्हणजे ओरडा, आरोळी. कोंबडा आरवतो तो याच घराण्यातला. आणि रेयांश? "सूर्यकिरणाचा अंश" म्हणे. संस्कृतात रेय म्हणजे किरण कधीच नव्हतं. इंग्रजी ‘रे’ला मागून अंश चिकटवलाय. नावांच्या याद्यांवर कुणीतरी काहीतरी ठोकून देतो आणि दहा लाख लोक ते उतरवून घेतात.

रेयांशची आई:
टोपणनाव वाचलंत ना माझं? तीस वर्षं शिकवून एवढं कळलं नाही की समोर कुणाचं तरी मूल असू शकतं? मला अर्थ आवडला, आवाज आवडला, ठेवलं. आता हे नाव वापरात आहे, म्हणजे शब्द आहे. शब्द असेच होतात.

जुनी पाटी:
शब्द असेच होतात हे मान्य. त्याला संस्कृत म्हणू नका, एवढंच.

रेयांशची आई:
तुमच्या अस्सल नावांचं सांगू? रुद्र या नावाची फोड ‘जो रडला तो’ अशी वेदांच्या ब्राह्मणग्रंथातच दिलीय. ते ठेवताना कुणी व्युत्पत्ती विचारत नाही. आणि वेदकथेतला शुनःशेप? कुत्र्याचं शेपूट!

जुनी पाटी:
बाई अभ्यास करून आल्यात, वा. भर घालतो. शुनःशेपाचे दोन भाऊ, शुनःपुच्छ आणि शुनोलांगूल. तिन्ही नावांचा अर्थ तोच. त्याच बापाने पुढे शंभर गायी घेऊन मधला मुलगा शुनःशेप बळी द्यायला विकला. नावं ऐकूनच अंदाज यायला हवा होता.

रेयांशची आई:
माफी मागायचं सोडून विनोद.

पाचवा कोपरा:
काही देशांत हा वाद सरकारच मिटवतं. आइसलँडमध्ये 1991 पासून समिती आहे. यादीत नसलेलं नाव तिच्याकडे जातं, आणि ते त्यांच्या भाषेच्या विभक्तीत चालावं लागतं. जर्मनीत 2008 साली ‘किरण’ नावाचा वाद थेट घटना न्यायालयापर्यंत गेला होता. नावावरून मुलगा की मुलगी कळत नाही, म्हणून नोंदणीला नकार दिला होता. आईबाप जिंकले. आपल्याकडे अशी समिती हवी असं माझं…

सातवा सूर:
नको. त्या समितीत बोकोबा बसतील.

चार्वाक:
हे टोपणनाव नाही, खरं नाव आहे. वय बेचाळीस. वडील कट्टर नास्तिक, त्यांना जगाला ठणकावून सांगायचं होतं, ते काम माझ्यावर आलं. शाळेत मी ‘चारचाक’ होतो. कर्ज काढायला गेलो तर साहेब अर्ज बघून म्हणाले, "तूप प्यायला हवंय का?" कर्ज काढा पण तूप प्या, हे चार्वाकाच्या नावावर खपणारं वचन. विनोद चांगला आहे. दर वेळी चांगलाच असतो.

एकविसाव्या वर्षी नाव बदलायचा अर्ज आणला होता. भरायला बसलो आणि नवीन नावाच्या रकान्याशी अडलो. दुसऱ्या कुठल्याही नावाने हाक मारली तर मी वळून बघेन असं वाटेना. अर्ज अजून कोरा पडलाय. त्यामुळे चिडवतील या भीतीत फार दम नाही; चिडवणारे अमोललाही चिडवतात. माझा त्रास वेगळाच होता. मी देव मानतो. हे वडिलांना सांगायला मला पंधरा वर्षं लागली, कारण प्रत्येक वेळी वाटायचं की मी त्यांनी दिलेलं नावच परत करतोय. बाई, निषाद छान आहे. फक्त पोरगं बेसूर निघालं तर त्याला चालू द्या.

सातवा सूर:
हे वाचून थोडा वेळ काही लिहिलं नाही. गाण्याला बसवणार नाही त्याला. कानावर पडेल, त्याला इलाज नाही.

मठ्ठ बोका:
चार्वाक यांनी माझीच बाजू मांडली आहे, हे नोंदवून ठेवा.

पाचवा कोपरा:
त्यांनी दोघांचीही काढली. बाकी बोकोबा, आरवचा विषय निघाल्यापासून तुम्ही गायब होतात. तुमच्या मुलाचं नाव काय?

मठ्ठ बोका:
संबंध काय?

सातवा सूर:
सांगाच.

मठ्ठ बोका:
आरव. शांत या अर्थाने ठेवलं होतं. गेले चार महिने रात्री तीन वाजता पाटीसरांचा अर्थ जास्त बरोबर वाटतोय. झालं समाधान? निषाद ठीक आहे. ष मात्र छळणार म्हणजे छळणार.

रेयांशची आई:
मला अजून कुणी ‘चुकलं’ म्हणालेलं नाही.