जुने ग्राहक आणि करारातले दोन वर्षांच्या बंदीचे कलम

प्रश्न – चिंचवडकर
नमस्कार. प्रयोगशाळेची उपकरणे विकणाऱ्या कंपनीत मी नऊ वर्षे विक्री विभागात होतो. नोटीस पिरियड पूर्ण करून गेल्या महिन्यात त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीत रुजू झालो, आणि आता जुन्या कंपनीच्या वकिलांची नोटीस आली आहे. दोन वर्षे स्पर्धकाकडे नोकरी करायची नाही, जुन्या ग्राहकांशी व्यवहार करायचा नाही, केल्यास ५ लाख रुपये भरायचे, अशा कलमाखाली माझी सही आहे. मला येते ते एवढेच काम. ग्राहक आपणहून फोन करतात, त्यांच्याशी बोलायचेही नाही का?

उत्तर – वकील, नाशिक
भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार धंदा-व्यवसायाला आडकाठी करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. धंदा नावलौकिकासह विकला असेल तर गोष्ट वेगळी. अशा नोटिशीत कल्याणच्या रेयॉन कारखान्याचा १९६७ चा निकाल हमखास दाखवला जातो, पण तो कर्मचारी पाच वर्षांचा करार अर्धवट सोडून गेला होता, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या मुदतीपुरती मनाई कायम ठेवली. तुमची नोकरी रीतसर संपली आहे. २००६ मध्ये झहीर खानच्या जाहिरात-कराराच्या प्रकरणातही, करार संपल्यानंतर लागू होणारे बंधन टिकत नाही, असेच त्या न्यायालयाने म्हटले. तेव्हा नोकरी जाईल ही धास्ती मनातून काढा. ग्राहकांचे मात्र तसे नाही. आलेला फोन घेणे वेगळे आणि आपण होऊन ग्राहक फोडणे वेगळे. अशा मनाईकडे सगळी न्यायालये एकाच नजरेने पाहत नाहीत.

उत्तर – लघुउद्योजक, सांगली
माझ्याकडचे दोघे गेले तेव्हा कोणत्या रुग्णालयाला किती सवलत दिली आणि वार्षिक देखभालीचा करार कधी संपतो, याची यादीही गेली. रुग्णालयाचा पत्ता कोणालाही मिळतो, पण ती तारीख हातात असलेला माणूस बरोबर आठवडाभर आधी दारात उभा राहतो. माणसाने पुढे जावे, त्याला माझी हरकत नाही. ती यादी आमची अनेक वर्षांची मेहनत होती.

चिंचवडकर
खरे सांगतो, शेवटच्या आठवड्यात तशीच एक एक्सेल फाइल मी स्वतःच्या ईमेलवर पाठवली होती. अजून उघडलेली नाही. काढून टाकू का?

वकील, नाशिक
कृपया काढू नका. पाठवल्याची नोंद त्यांच्या सर्व्हरवर असणारच, आणि नोटीस आल्यावर फाइल पुसली तर पुरावा नष्ट केल्याचा आरोप होईल. नव्या कंपनीतल्या कोणालाही ती देऊ नका. ती वापरलेली नाही असे लिहून वकिलामार्फत परत करा आणि त्यांच्या लेखी संमतीनंतरच पुसा. ५ लाखांचा आकडा कलम ७४ प्रमाणे कमाल मर्यादा आहे, त्याच्या आत वाजवी भरपाई ठरते. फाइल न वापरता परत गेली, तर नुकसान दाखवणे त्यांना अवघड जाईल. नोटिशीत दिलेली मुदत मात्र चुकवू नका.