डोळ्याला राखाडी, फोटोत गुलाबी: याला फोटो म्हणायचं का?

रातकिडा: काल टेलिस्कोपला डीएसएलआर जोडून मृगातल्या तेजोमेघाचे (एम ४२) ३०-३० सेकंदांचे १२० फोटो काढले, स्टॅक केले (एकावर एक रचून एकच फोटो केला), कर्व्ह ओढले (अंधुक भाग उजळवले) आणि जे गुलाबी-जांभळं फुललं ते बघून घरचे एकदम खूश. पण तासभर आधी त्याच टेलिस्कोपला मी डोळा लावला होता, तिथे राखाडी धुरकट पंखा होता, बस. मग हे चित्रच झालं ना? छान असेल, पण चित्र. आणि वर "हे मी पाहिलं" म्हणून दाखवायचं म्हणजे चक्क थाप.

चकोर: अहो मग एक्स-रे पण चित्रच का? रंग तिथे आहेतच, आपल्या डोळ्यांची ऐपत नाही. अंधारात ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत, त्यात लाल तर जवळपास दिसतच नाही आणि त्या मेघातल्या हायड्रोजनचा उजेड नेमका तिथेच, ६५६ नॅनोमीटरला. उलट साध्या डीएसएलआरच्या सेन्सरपुढचा फिल्टर हाच लाल बराचसा अडवतो, म्हणून तर लोक तो काढून घेतात, कॅननने २०डीए आणि ६०डीए असे खास कॅमेरेही काढले होते. म्हणजे तुमच्या फोटोत लाल कमीच आलाय! स्टॅकिंगने नवीन काही येत नाही हो, १२० फोटोंची सरासरी काढली की नॉइज (फोटोतले उगाचचे ठिपके) साधारण ११ पटीने खाली जातो, वर्गमुळाचा हिशोब आहे.

धूमकेतू_शेपूट: मी रातकिडांच्या बाजूने. त्या मेघाच्या पोटातले चार तारे आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून) कसे टोचल्यासारखे स्पष्ट दिसतात, ३० सेकंदांच्या फोटोत तिथे नुसता पांढरा गोळा. मग दोन-दोन सेकंदांचे वेगळे फोटो काढायचे आणि मधे चिकटवायचे. ही शिवणकला झाली राव. शिवाय पोलर अलाइनमेंट (स्टँडचा अक्ष ध्रुवाकडे लावणं), बाख्तिनोव्ह मास्क (फोकस जुळवायचं खाचांचं झाकण), वायरींचा गुंता आणि लॅपटॉप, यात रात्र जाते आणि आकाशाकडे मान वर करून कोणी बघत नाही.

चकोर: मान वर करायचं मान्य, ३० सेकंदांचे फोटो चालू असताना दुसरं करायचं तरी काय असतं! पण याच मेघाचा पहिला फोटो हेन्री ड्रेपरने १८८० मध्ये काढला तेव्हा ५१ मिनिटं एक्स्पोजर दिलं होतं. तीनच वर्षांत अँड्र्यू कॉमनच्या फोटोत डोळ्याला न दिसणारे तारे उमटले. त्यांना पण थापाडे म्हणणार का?

नवशिका: भांडण चालू द्या, मधेच विचारतो. माझा टेलिस्कोप ५०० एमएम फोकल लेंथचा (भिंगापासून प्रतिमेपर्यंतचं अंतर), साध्या स्टँडवर आहे. मला जमेल का हे?

धूमकेतू_शेपूट: ५०० भागिले फोकल लेंथ करा, १ सेकंद आला. त्यापुढे तारे रेघा ओढतात, आणि तो १ सेकंदही सढळच धरलाय. तोवर चंद्र काढा, त्याला उजेड भरपूर. पुढे पैसे घालायचे तर आधी ट्रॅकिंगवाल्या माउंटमध्ये (ताऱ्यांमागे आपोआप फिरणाऱ्या स्टँडमध्ये), कॅमेरा आहे तो चालेल.

रातकिडा: चकोर, रंगाचं पटलं. पण ती एआयवाली सॉफ्टवेअरं? परवा एकाच्या फोटोत बारीक धाग्यांची जाळी दिसली, त्याच्या मूळ फाइलींत तिचा मागमूस नव्हता. तिथे तरी चित्र म्हणाल?

चकोर: तिथे तुमच्या बाजूने. कर्व्ह ओढून निघतं ते कॅमेऱ्यात आलेलं असतं, ही जाळी बाहेरून आली.

रातकिडा: मग निदान फोटोखाली सगळं लिहायचं ठरवूया. माझ्यापासून सुरुवात: आयएसओ ८००, १२० × ३० सेकंद, मधला भाग जळलेला तसाच ठेवलाय, आणि गुलाबी मी जरा जास्तच ओढलाय, कबूल.

धूमकेतू_शेपूट: जरा??