दातांच्या कॉलेजांनी कॅन्सरचे रेणू शोधत बसावं, की गाल तपासावेत?

अक्कलदाढ

मी डेंटल कॉलेजात ओरल पॅथॉलॉजी, म्हणजे तोंडाच्या रोगांचं निदानशास्त्र, शिकवतो. दरवर्षी एमडीएसच्या (पदव्युत्तर) मुलांचे सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचे आराखडे, माझ्या टेबलावर येतात आणि त्यातले बरेचसे एकाच साच्यातले असतात. २० नॉर्मल, २० सबम्युकस फायब्रोसिस (गाल आतून कडक होऊन तोंड आखडण्याचा रोग), २० कार्सिनोमा, म्हणजे कॅन्सर. कपाटातले जुने पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले तुकडे, काढायचे, काप घ्यायचे, पी-५३ किंवा केआय-६७ किंवा त्या वर्षी जो मार्कर, म्हणजे पेशीतली रेणूची खूण, चालू असेल तो लावायचा. निष्कर्ष आधीच माहीत असतो: नॉर्मलपेक्षा फायब्रोसिसमध्ये जास्त, फायब्रोसिसपेक्षा कॅन्सरमध्ये जास्त, मोठ्या नमुन्यावर अभ्यास व्हायला हवा. तो मोठा नमुना कधीच येत नाही, कारण पुढच्या वर्षी पुढचा विद्यार्थी पुढचा मार्कर घेतो.

गंमत अशी की याच प्रबंधांच्या पहिल्या-दुसऱ्या पानावर एक आकडा हमखास सापडतो. सबम्युकस फायब्रोसिसच्या ७.६ टक्के रुग्णांना पुढे कॅन्सर होतो. हा आला कुठून? केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यातल्या ६६ रुग्णांच्या १७ वर्षांच्या पाठपुराव्यातून. १९८५ चा लेख. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तेव्हा बेसिक डेंटल रिसर्च युनिट होतं, त्यातल्या लोकांनी डेन्मार्कचे मुखरोगतज्ज्ञ पिंडबोर्ग यांना बरोबर घेऊन हे काम केलं. गावात जायचं, तोंड बघायचं, लिहून ठेवायचं आणि काही काळानं पुन्हा त्याच माणसाचं दार ठोठवायचं. याच युनिटनं महाराष्ट्रात १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासून १९७२ मध्ये अहवाल छापला होता. आज आपल्याकडे तीनशेच्या वर डेंटल कॉलेजं आहेत. ६६ रुग्णांचं ते काम अजून कुणी जुनं पाडलेलं नाही.

तेव्हा माझा प्रस्ताव सरळ आहे. डेंटल कॉलेजांतलं कॅन्सरच्या रेणूंवरचं संशोधन दहा वर्षं बंद. प्रबंध म्हणजे पाठपुरावा. बीडीएसच्या (पदवीच्या) मुलांनी तोंड तपासायला शिकायचं, एमडीएसच्या मुलांनी त्याच माणसांना पुन्हा शोधून काढायचं. हाणा आता.

फायनल_इयर

सर, बीडीएसचं मी सांगते. आम्हाला कोटा असतो. इतक्या एक्स्ट्रॅक्शन, इतक्या फिलिंग, इतक्या डेन्चर, तेवढं भरलं की सही. कोटा भरेना म्हणून मुलं रिक्षावाल्याला भाडं देऊन पेशंट आणतात, हे सगळ्यांना माहीत आहे. ओरल मेडिसिनच्या केस हिस्टरीत 'सॉफ्ट टिश्यू' असा रकाना असतो. त्यापुढे एनएडी लिहायचं, म्हणजे काही विशेष आढळलं नाही. बघितलं असो वा नसो. जिभेची कड गॉजमध्ये धरून बाहेर ओढून बघायची असते हे परीक्षेत सांगितलं की मार्क मिळतात. प्रत्यक्ष ओढून बघितली का, हे कुणी विचारत नाही.

सूक्ष्मदर्शी

प्रबंधांच्या साच्याबद्दल जे लिहिलंय त्यातल्या शब्दाशब्दाशी सहमत, आणि प्रस्तावाला कडकडून विरोध. वाईट संशोधन चालतं म्हणून विषयच बंद करायचा?

मी पेशीजीवशास्त्रात काम करते, दंतवैद्य नाही. एक साधा प्रसंग घ्या, रोज घडणारा. पेशंट म्हणतो, 'डॉक्टर, तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खातो.' डॉक्टर म्हणतो, 'छान.' का म्हणतो? कारण त्याला यंत्रणा कळलेली नाही. तोंड आखडण्याच्या या रोगाचं, सबम्युकस फायब्रोसिसचं, मुख्य कारण सुपारीच आहे. सुपारीतलं अरेकोलिन गालाच्या आतल्या फायब्रोब्लास्टना, म्हणजे धागे विणणाऱ्या पेशींना, कोलॅजन हे धाग्यांचं प्रथिन बनवायला लावतं, टीजीएफ-बीटा या संदेशवाहक रेणूचा मार्ग चेतवतं. सुपारीत तांब्याचं प्रमाण चांगलंच असतं आणि लायसिल ऑक्सिडेज या विकराला (एन्झाइमला) तांबं लागतं. ते विकर कोलॅजनचे धागे एकमेकांना घट्ट जोडतं, मग ते विरघळत नाहीत. नवं बनतंय, जुनं तुटत नाहीये, गालाचा पट्टा होतो आणि तोंडात तीन बोटं जाईनाशी होतात. वरचं अस्तर पातळ होतं, खालचा रक्तपुरवठा आटतो. अशा अस्तरावर सुपारी-तंबाखूतले नायट्रोसामाइन्स, म्हणजे कर्करोगकारक रसायनं, रोज आदळत राहतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २००४ च्या ग्रंथात तंबाखूविना सुपारीसुद्धा पहिल्या गटातला, म्हणजे खात्रीचा, कर्करोगकारक ठरली आहे. हे ज्याच्या डोक्यात पक्कं आहे तो 'छान' म्हणणारच नाही.

तेव्हा यंत्रणा शिकवणं आणि गाल तपासणं असे दोन पक्ष पाडू नका.

अक्कलदाढ

ताई, शिकवू नका असं मी म्हटलेलंच नाही. बंदी 'शोधण्यावर' आहे. तुम्ही सांगितलंत ते सगळं माझ्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना पाठ येतं, लायसिल ऑक्सिडेजसकट. आणि तीच मुलं एनएडी लिहितात.

वऱ्हाडी_ठेचा

यवतमाळकडे दवाखाना आहे. आमच्याकडे खर्रा. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून देतात, पोरं शाळेपासून खातात. २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी झाली, पण खर्रा हातानं घोटलेला, त्याला ना कारखाना ना पुडी.

अक्कलदाढ सर, तुमचं दार ठोठावणं वाचून बरं वाटलं, पण तपासणी म्हणजे सगळं झालं असं समजू नका बाप्पा. तिरुवनंतपुरमची चाचणी तुम्हाला माहीत असेलच. १९९६ पासून १३ पंचायती, त्यांतल्या सात पंचायतींत घरोघरी जाऊन तोंड तपासणी. तपासणारे डॉक्टर नव्हते, साधे पदवीधर होते, प्रशिक्षण देऊन तयार केलेले. २००५ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: तंबाखू-दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी. हे सगळे सांगतात. पण संशयित सापडलेल्या ५,१४५ जणांपैकी पुढे तज्ज्ञाकडे गेले ३,२१८. म्हणजे ६३ टक्के. हे केरळात, जिथे दवाखाना हाकेवर आहे.

माझ्याकडे पांढरा चट्टा दिसला आणि बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) म्हटलं की माणूस उठून जातो. 'सुई लावली का पसरते' हे गावभर पक्कं आहे. जो जात नाही त्याला नागपूर. एसटी, राहणं, मजुरी बुडणं. सोयाबीन काढणीच्या दिवसांत तर विचारूच नका. चट्टा शोधणं मला जमते. त्याला तिथवर पोचवणं कोणत्या कॉलेजात शिकवते?

सूक्ष्मदर्शी

त्याच चाचणीत सगळी लोकसंख्या धरली तर मृत्यूंतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नव्हता, हेही लिहा. टिकला तो फक्त व्यसन असलेल्या गटात. म्हणजे कोणाला तपासायचं हे महत्त्वाचं. आणि चट्टेवाल्या शंभरांपैकी नेमका कोण कॅन्सरकडे जाणार हे आज चट्टा बघून खात्रीनं सांगता येत नाही. शंभर जणांना नागपूरला पाठवण्याऐवजी दहांना पाठवायचं असेल तर त्या दहांची खूण पेशीतच शोधावी लागेल. ती डोळ्यांना दिसत नाही.

हप्ते_भरणारा

मुलगी खासगी कॉलेजात बीडीएस करते आहे. तुमची चर्चा थोर आहे. चार वर्षं आणि एक इंटर्नशिप, एवढ्यात तिनं रूट कॅनॉल नीट शिकावा ही माझी अपेक्षा आहे. कर्ज रूट कॅनॉलनं फिटतं, कोलॅजननं नाही.

फायनल_इयर

काका, रूट कॅनॉलसुद्धा नीट शिकवत नाहीत :)

आडवा_छेद

तोंडाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रिया करतो. सकाळी दोन केस करून आलोय, दोघेही पस्तिशीच्या आतले, दोघांनाही आधी कुठल्या ना कुठल्या दाताच्या डॉक्टरनं बघितलं होतं. एकाची दाढ हलत होती म्हणून काढली. दाढ का हलतेय हे कुणी बघितलं नाही. दाढ काढलेली जागा महिनाभर भरली नाही तेव्हा त्याला गोळ्या बदलून दिल्या. दोन आठवड्यांत न भरणारी जखम म्हणजे तुकडा तपासायला पाठवायचा, एवढं एक वाक्य प्रत्येक बीडीएसच्या हातावर गोंदवावं अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

मी अक्कलदाढ यांच्या बाजूनं, पण कारण वेगळं. गेल्या काही वर्षांत माझ्या कामात खरा बदल कशानं झाला? टाटा मेमोरियलच्या डिक्रूझ आणि सहकाऱ्यांच्या २०१५ च्या चाचणीनं. प्रश्न अगदी साधा होता: तोंडाचा कॅन्सर लहान असताना मानेतल्या गाठी आधीच काढाव्यात, की वाढल्यावर बघू? आधी काढल्या त्यांच्यात तीन वर्षांनी जिवंत ८० टक्के, थांबले त्यांच्यात ६७.५. कुठलाही रेणू नाही. रोजच्या कामातला वाद घ्यायचा, शेकडो रुग्णांवर शिस्तीनं सोडवायचा.

सूक्ष्मदर्शी

आणि त्याच टाटा मेमोरियलची निव्होल्युमॅब या प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या औषधाची चाचणी? २०२२ ची. बरा न होणारा, पसरलेला किंवा उलटलेला डोक्या-मानेचा कॅन्सर. तोंडानं घ्यायच्या तीन औषधांना जोड म्हणून निव्होल्युमॅब फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी. वर्षानंतर जिवंत १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्के. प्रतिकारपेशींना आवर घालणाऱ्या पीडी-१ या रेणूची यंत्रणा कुणीतरी उंदरांत वर्षानुवर्षं चिवडत बसलं होतं, म्हणून हे औषध आहे. ते कुणीतरी म्हणजे जपानचे होन्जो, २०१८ चं नोबेल. 'याचा रुग्णाला काय उपयोग' असं त्यांना सुरुवातीलाच विचारलं असतं तर?

शिवाय तुम्ही गाठ पूर्ण काढता, कडा स्वच्छ येतात, तरी काही वर्षांनी दुसऱ्या गालाला नवीन गाठ येते. का, ते संशोधक स्लॉटर यांनी १९५३ मध्येच मांडलं: गाठीभोवतीचं सगळं शेत आधीच बिघडलेलं असतं. आणि गाठींमध्ये कोणते जनुक मोडलेत याची यादी आपल्याच लोकांनी काढली. बंगालमधल्या कल्याणीची जनुकसंशोधन संस्था एनआयबीएमजी आणि टाटा मेमोरियलचं खारघरचं संशोधन केंद्र ॲक्ट्रेक, २०१३. गाल आणि हिरडीच्या कॅन्सरमध्ये टीपी-५३, फॅट-१, कॅस्पेज-८ ही ओळखीची नावं आलीच, वर यूएसपी-९-एक्स, एआरआयडी-२ अशी नवीही आली. तंबाखू चघळणाऱ्या आपल्या लोकांचा कॅन्सर परदेशातल्या घशाच्या, एचपीव्ही विषाणूमुळे होणाऱ्या कॅन्सरपेक्षा वेगळा आहे. तो आपणच नाही शोधायचा तर कोणी शोधायचा?

अक्कलदाढ

ॲक्ट्रेकनं शोधावा. एनआयबीएमजीनं शोधावा. त्यांच्याकडे यंत्रं आहेत, माणसं आहेत, अनुदान आहे. माझ्या विभागात काप घ्यायचं एक यंत्र, मायक्रोटोम, आहे आणि अँटिबॉडीचं किट विद्यार्थी स्वतःच्या खिशातून आणतो. २० स्लाइडवर तो काय शोधणार? तुम्ही दिलेलं एकही उदाहरण डेंटल कॉलेजात घडलेलं नाही. दुसरीकडे त्याच कॉलेजच्या ओपीडीत रोज जी तोंडं उघडतात ती ॲक्ट्रेकला कधीच दिसत नाहीत, कारण तिथे माणूस पोचतो तो कॅन्सर झाल्यावर. आधीचा टप्पा फक्त आमच्याकडे आहे आणि तो आम्ही एनएडी लिहून घरी पाठवतो.

वऱ्हाडी_ठेचा

हे पटलं.

सूक्ष्मदर्शी

हे मलाही पटलं, आणि म्हणूनच बंदी चुकीची आहे. चट्टा असलेला माणूस आज तुमच्याकडे आला, तुम्ही तुकडा घेतला, दहा वर्षं त्याचा पाठपुरावा केला. दहांपैकी एकाला कॅन्सर झाला. आता त्या एकाच्या पहिल्या दिवसाच्या तुकड्यात काय होतं जे उरलेल्या नऊंच्या तुकड्यांत नव्हतं? जगातली कुठलीही प्रयोगशाळा या तुकड्यांसाठी तुमच्या दारात उभी राहील. पण तुमच्या बंदीत तो तुकडा जपायचं कारणच उरत नाही. 'रेणू नको' म्हणून मोकळे झालात की ब्लॉक माळ्यावर जाणार.

अक्कलदाढ

तुकडे जपायला उणे ऐंशी अंशांचा फ्रीजर कोण देणार? तालुक्याच्या कॉलेजात उन्हाळ्यात सलग वीज नसते.

सूक्ष्मदर्शी

फ्रीजर कशाला? पॅराफिन ब्लॉक साध्या कपाटात वर्षानुवर्षं टिकतो, त्यातून आता डीएनएही काढता येतो. फॉर्मॅलिन बफर केलेलं वापरा आणि तुकडा त्यात आठवडाभर विसरू नका, एवढंच. महत्त्वाचं काय, तर ब्लॉकचा नंबर आणि माणसाचा नंबर एक हवा, आणि पुढे संशोधनाला वापरायची संमती पहिल्याच दिवशी सही करून घ्यायला हवी. दहा वर्षांनी सहीसाठी त्याला कुठे शोधणार?

फायनल_इयर

मला एमडीएसला ओरल पॅथॉलॉजी घ्यायची आहे (हो, खरंच). पण तीन वर्षांत पाठपुराव्याचा प्रबंध कसा होणार? पहिलं वर्ष सिनॉप्सिस आणि एथिक्स कमिटीच्या मंजुरीत जातं. उरलेल्या दोन वर्षांत कुणाला कॅन्सर झालाच नाही तर मी निकाल काय लिहू?

अक्कलदाढ

तू पाच वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्यानं नोंदवलेली माणसं शोधायचीस. किती सापडली, किती नाहीत, सुपारी कुणी सोडली, तोंड किती मिलिमीटर उघडतं, व्हर्नियरनं मोजून. आणि तुझी नवी माणसं नोंदवून पुढच्याच्या हाती द्यायची. निम्मी सापडली नाहीत तर तोही निकालच आहे, वऱ्हाडी साहेबांना तोच हवाय.

हप्ते_भरणारा

आणि परीक्षक 'नॉव्हेल्टी काय' म्हणून नापास करणार.

आडवा_छेद

परीक्षकाचं नंतर बघू. काल हे वाचून उत्साहानं आमच्या पॅथॉलॉजीत गेलो, २०१६ चे लिहून ठेवलेले ल्युकोप्लाकियाचे (पांढऱ्या चट्ट्याचे) पाच ब्लॉक मागितले. ब्लॉक आहेत, व्यवस्थित आहेत. नंबर बिलाच्या पावतीचा आहे. तेव्हाचं बिलिंगचं सॉफ्टवेअर मधे बदललं, जुना डेटा नव्यात घेतलेला नाही. पाच माणसांचे गाल कपाटात आहेत आणि ती माणसं कोण हे हॉस्पिटलात कुणालाही सांगता येत नाही. हे कुणी सोडवलं असेल तर इथे लिहा, तुमची बंदी असो वा नसो.