मदत हवी आहे : गोगलगाईचा शंख पांढरा पडून झिजतोय

नमस्कार. कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. घरी दोन फुटी काचेची टाकी आहे, पन्नासेक लिटरची. त्यात आठ गप्पी मासे आणि एक पिवळी मिस्ट्री स्नेल, म्हणजे पाण्यातली गोगलगाय. लेकीनं तिचं नाव ढेपी ठेवलंय, कारण रंग अगदी नव्या गुळासारखा. सासरे शिरोळकडचे शेतकरी. ते पहिल्यांदा टाकी बघून म्हणाले, "आम्ही शिवारात गोगलगाई वेचून मिठात घालतोय, आणि तुम्ही दोडका उकडून घालताय व्हय?"

तर प्रश्न असा. तीन आठवड्यांपासून शंखाचं टोक खडूसारखं पांढरं झालंय, त्यावर बारीक खड्डे पडलेत. तोंडाकडची कड इतकी पातळ आहे की नख लागलं तर तुकडा पडेल. गेले दोन दिवस ती शंखाच्या तोंडाचं झाकण मिटून वर तरंगतेय. मेली म्हणून बाहेर काढून वास घेतला (घरच्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ते सोडा), पण घाण वास नाही. बोट लावलं की झाकण आणखी घट्ट ओढून घेते.

दर रविवारी पाव टाकी पाणी बदलते. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी यायला लागलं म्हणून जुलैपासून प्यायचं आरओचं पाणी घालतेय. माशांना स्वच्छ पाणी चांगलंच, असं वाटलं. काल पट्टीवर पीएच ६.४ आला, आधी कधी मोजलाच नव्हता. शिवाय ऑगस्टमध्ये गप्पींच्या अंगावर पांढरे ठिपके आले तेव्हा दुकानदारानं एक निळं औषध दिलं होतं. बाटली सापडत नाही.

शेजारच्या काकू म्हणतात, पानाला लावायचा चुना चिमूटभर टाक, कॅल्शियमच आहे. टाकू का? लेक रोज शाळेतून आल्यावर आधी टाकीपाशी जाते, म्हणून जरा घाईनं विचारतेय.

प्रतिसाद :
ताई, चुना अजिबात नको. पीएच तासाभरात उसळेल आणि गोगलगाईआधी गप्पी जातील. पाणी गढूळ असलं तरी तुरटीही फिरवू नका, तिनं पीएच आणखी उतरतो.

दोष बहुतेक आरओचा आहे. त्यात कॅल्शियम जवळजवळ राहत नाही, आणि पीएच ७ च्या खाली गेला की पाणीच शंख विरघळवायला लागतं. नळाचं पाणी बादलीत रात्रभर ठेवा, गाळ खाली बसला की वरचं फडक्यातून गाळून क्लोरीन काढायचं औषध घाला आणि तेच वापरा. बदल मात्र हळूहळू, एकदम अर्धी टाकी नको. पीएच ७.२ ते ८ च्या दरम्यान स्थिरावला की पुरे.

कॅल्शियमसाठी समुद्रफेस, म्हणजे कटलफिश या समुद्री प्राण्याचं पांढरं हाड, आणा. पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानात मिळतो, काष्ठौषधीवाल्याकडेही मिळतो. तो तरंगतो, तेव्हा दगडाला दोऱ्यानं बांधून बुडवा. अंड्याची टरफलंही चालतील, आतला पापुद्रा काढून उकळायची आणि चुरून पुरचुंडीत घालायची. पांढरं झालेलं टोक परत भरत नाही. तुम्ही तोंडाकडची कड बघत जा, नवा शंख तिथंच वाढतो.

तरंगण्याचं फार मनावर घेऊ नका. या गोगलगाईला कल्ले आणि फुप्फुस दोन्ही असतात, आत हवा भरली की वर येते. मला धास्ती त्या निळ्या औषधाची आहे. त्यात मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, असेल तर ते गोगलगाईला विषच. तसं असेल तर फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा घाला. दुकानदाराला आजच विचारा.

प्रतिसाद :
गप्पी तिच्या मिशा टोचतात का तेही बघा. आमच्याकडे तेच होतं, बिचारी बाहेर यायलाच भ्यायची. तुटलेल्या मिशा परत येतात.

मूळ लेखिका, पाच आठवड्यांनी :
उशिरा कळवतेय, माफ करा. बाटली फ्रिजवर सापडली. मिथिलीन ब्लू होतं, मोरचूद नव्हे. हे ऐकून सासऱ्यांनीही सुस्कारा सोडला. द्राक्षवाल्या पाहुण्यांमुळे त्यांना मोरचूद चांगलाच ठाऊक. समुद्रफेस महाद्वार रोडला मिळाला. पीएच आता ७.४ आहे, आणि शंखाच्या तोंडाशी बोटाच्या पेराएवढी नवी, गुळगुळीत पिवळी पट्टी आलीय. टोक पांढरंच आहे.

आता नवीनच. आज सकाळी टाकीच्या झाकणाला आतून, पाण्याच्या वर, गुलाबीसर दाण्यांचा घोस चिकटलेला दिसला. एकटीच तर आहे ही! अंडीच ना?

प्रतिसाद :
अंडीच. मादी नराचं बीज कित्येक महिने साठवून ठेवते, दुकानात जोडीला नर असणार. नको असतील तर घोस अलगद काढून फ्रीझरमध्ये ठेवा, मग टाका. पिल्लं झालीच तर कुणाला तरी द्या, रंकाळा तलावात मात्र सोडू नका. तिथं केंदाळच (जलपर्णी) पुरे आहे.

मूळ लेखिका :
लेक म्हणतेय, निम्मी ठेवायची. बघू.