नॉर्मल डिस्ट्रिब्यूशनचं उत्तर जुळत नाहीये, अर्जंट मदत हवी

ऐरोलीचा_पम्या:
एम फोरची, म्हणजे मॅथ्स फोरची, केटी आहे, परवा पेपर. मशीन दुधाच्या पिशव्या भरतं, नॉर्मल डिस्ट्रिब्यूशन (तो घंटेसारखा वक्र) ५०० आणि १६, तर पिशवीत ४९८ ते ५०६ मिली दूध असण्याची प्रोबॅबिलिटी काढा. झेड, म्हणजे सरासरीपासून किती प्रमाण विचलनं लांब ते, काढले, टेबल बघितलं, ०.१९९७ आलं. मागे उत्तर ०.६२४७ दिलंय. पुस्तक चुकलंय का? लवकर सांगा आणि प्लीज थिअरी नको.

घणसोली_नाइट_शिफ्ट:
झेड किती आले ते तरी लिही भावा, नुसत्या उत्तरावरून आम्ही काय ओळखणार.

एक्सेलबहाद्दर:
आजच्या काळात टेबल कोण बघतं? एक्सेलमधे नॉर्म डॉट डिस्ट फंक्शन घे, त्यात ५०६, मग सरासरी, मग सिग्मा म्हणजे प्रमाण विचलन, शेवटी ट्रू. तसंच ४९८ चं काढ आणि वजा कर, विषय संपला. शेवटी फॉल्स टाकू नकोस, फॉल्स टाकलं की वक्राची उंची येते, प्रोबॅबिलिटी येत नाही, आमच्या महापेच्या ऑफिसात अजून लोक तेच करतात.

ऐरोलीचा_पम्या:
परीक्षेला लॅपटॉप घेऊन बसू का 😅 झेड आले -०.१३ आणि ०.३८.

नौपाड्याचे_मास्तर:
ते १६ म्हणजे नक्की काय? प्रमाण विचलन की व्हेरिअन्स? पुस्तकातली ओळ जशी आहे तशी लिहा.

ऐरोलीचा_पम्या:
एक्स फॉलोज एन, कंसात ५००, १६. त्यात काय एवढं, सरासरी आणि सिग्मा.

नौपाड्याचे_मास्तर:
तिथेच अडलंय. एनच्या कंसातला दुसरा आकडा बहुतेक पुस्तकांत व्हेरिअन्स असतो. सिग्मा म्हणजे त्याचं वर्गमूळ, इथे ४. आता ४९८ वजा ५०० भागिले ४, झेड -०.५. ५०६ वजा ५०० भागिले ४, झेड १.५. पुढे करा.

सानपाडा_स्टॅट्स:
थांबा थांबा, ४९८ चं ४९७.५ आणि ५०६ चं ५०६.५ करायला नको का? कंटिन्युइटी करेक्शन. आमच्या सरांनी यावर मार्क कापले होते.

घणसोली_नाइट_शिफ्ट:
ते बायनोमियलच्या जागी नॉर्मल वापरताना. डिफेक्टिव्ह पीस किती, छापे किती, अशा मोजायच्या गोष्टींना. दूध ४९८.३७ मिली पण असू शकतं की. उगाच पोराला घाबरवू नका.

सानपाडा_स्टॅट्स:
पण मशीनवर आकडा पूर्णांकातच दिसतो.

घणसोली_नाइट_शिफ्ट:
गणितात मशीनचा डिस्प्ले दिलाय का? नाही ना? मग.

ऐरोलीचा_पम्या:
सिग्मा ४ घेतला तर आता १.६२४७ येतंय!! प्रोबॅबिलिटी एकाच्या वर कशी जाईल, डोकं फिरलंय.

खारघर_हार्बर:
०.६९१५ आणि ०.९३३२ ची बेरीज मारलीस ना? टेबल कुठलं वापरतोयस?

ऐरोलीचा_पम्या:
आधी झेरॉक्स नोट्समधलं होतं, ते घरी राहिलं. आता ट्रेनमधे आहे म्हणून मोबाईलवर दुसरं उघडलं. टेबल काय, सगळी सारखीच असतात.

खारघर_हार्बर:
नसतात ना. तुझ्या नोट्समधलं टेबल शून्यापासून झेडपर्यंतचं क्षेत्रफळ देत असणार, त्यात १.५ समोर ०.४३३२ दिसेल. मोबाईलवालं डावीकडच्या पार टोकापासून मोजतंय, म्हणून त्यात अर्धा जास्त, ०.९३३२. तुझे दोन झेड मध्याच्या दोन बाजूंना आहेत, त्यामुळे नोट्सवाल्या टेबलात बेरीज चालते, ०.१९१५ अधिक ०.४३३२, झालं ०.६२४७. मोबाईलवाल्यात वजाबाकीच करायची, ०.९३३२ मधून -०.५ च्या डावीकडचं वजा, ते १ वजा ०.६९१५ म्हणजे ०.३०८५, परत ०.६२४७. आणि दोन्ही झेड एकाच बाजूला आले तर नोट्सवाल्यातही वजाबाकी. टेबलच्या डोक्यावर एक बारकी आकृती असते, त्यात कुठला भाग काळा केलाय तो आधी बघ, मग आकडे.

एक्सेलबहाद्दर:
म्हणूनच म्हणत होतो, एक्सेल.

सानपाडा_स्टॅट्स:
कॅसिओ ९९१ असेल तर टेबलच नको. स्टॅट मोडमधे डिस्ट्रच्या खाली पी, क्यू, आर येतं. पी म्हणजे डावीकडचं सगळं, क्यू शून्य ते झेड, आर उजवीकडचं. नव्या मॉडेलमधे मेनू वेगळा आहे. परीक्षेत चालतो का ते आधी कॉलेजात विचार.

घोडबंदर_काकू:
विषयाला धरून नाही, पण स्टॅटिस्टिक्सचा चांगला क्लास आहे का आमच्या बाजूला? मुलगी बीएस्सीला आहे, ठाणे स्टेशनपर्यंत यायचं तर ट्रॅफिकमधेच संध्याकाळ जाते.

नौपाड्याचे_मास्तर:
काकू, क्लासचं सोडा, तिला वक्र हाताने काढायला लावा. द म्वाव्हर या गणितज्ञाने १७३३ मधे बायनोमियलवरूनच हा वक्र काढला होता, गाऊसचं नाव त्याला नंतर चिकटलं. युरो यायच्या आधी जर्मनीच्या १० मार्कांच्या नोटेवर गाऊसच्या शेजारी हाच वक्र सूत्रासकट छापलेला असायचा.

घोडबंदर_काकू:
बरं, पण क्लास?

रबाळे_पॅकिंग:
मी खरंच पॅकिंग लाइनवर आहे, आम्हाला उलटा प्रश्न पडतो. सरासरी ५००, सिग्मा ४ असेल तर सगळ्यात कमी भरलेल्या ५ टक्के पिशव्या किती मिलीच्या खाली येतील?

खारघर_हार्बर:
टेबल आतून बाहेर वाचायचं. डावीकडे ०.०५ क्षेत्रफळ कुठल्या झेडला येतं? -१.६४५ ला. मग ५०० वजा १.६४५ गुणिले ४, म्हणजे साधारण ४९३.४ मिली.

रबाळे_पॅकिंग:
भारी. पण आमच्या मशीनचा सिग्मा कुठे लिहिलेला असतो?

घणसोली_नाइट_शिफ्ट:
लिहिलेला नसतो, पिशव्या मोजून काढावा लागतो. नवीन धागा काढा आणि मशीन कुठलं, किती पिशव्या मोजल्या, मिलीत की ग्रॅममधे, ते पहिल्याच पोस्टमधे टाका राव.