अनुभव धागा: गेममधली देवाणघेवाण आणि गंडवागंडवी

गेममधल्या वस्तूंची अदलाबदल करताना कोणी कसं गंडवायला बघितलं आणि डाव कुठे उघडा पडला, ते लिहा. ‘सावध राहा’ एवढंच नको, स्क्रीनवर काय दिसत होतं ते सांगा. सुरुवात मीच करतो.

रूनस्केप हा ऑनलाइन गेम, सायबर कॅफेचे दिवस. ग्रँड एक्स्चेंज या गेममधल्या बाजारापाशी ‘नाणी दुप्पट करून देतो’ अशी हाळी देत लोक उभे असायचे. थोडकी रक्कम दिली की खरंच दुप्पट परत यायची, मोठी दिली की गडी लॉगआउट. हे तरी उघड होतं. खरा कलाकार वेगळाच. तो पहिल्या खेपेला भारी वस्तू ठेवायचा, ‘थांब, नेट गेलं’ म्हणून व्यवहार रद्द करायचा आणि पुन्हा खिडकी उघडली की तशीच दिसणारी स्वस्त वस्तू टाकायचा. दुसऱ्या खेपेला कोण वाचतंय? मी शेवटच्या मंजुरीची खिडकी मोठ्याने वाचायचो, शेजारची पोरं हसायची. गेममधलं सोनं खऱ्या पैशांत विकणाऱ्यांना वैतागून कंपनीने जानेवारी २००८मध्ये खुला व्यवहारच बंद केला होता. फेब्रुवारी २०११मध्ये तो परत आला, मागोमाग दुप्पटवालेही.

रात्रपाळी:
स्टीम हे गेमचं दुकान, तिथल्या काउंटर-स्ट्राइक गेमच्या स्किन, म्हणजे बंदुकांची सजावट. मित्राच्या अकाउंटवरून निरोप आला, ‘आमच्या टीमला मत दे ना.’ लिंकवर स्टीम लॉगिनची छोटी खिडकी उघडली. पत्ता, कुलूप, सगळं बरोबर. मी ती माउसने धरून ब्राउझरच्या बाहेर ओढून बघितली. खरी असती तर आली असती, ही कडेलाच अडकली. पत्त्याची पट्टीसुद्धा नुसतं चित्र! मित्राचं अकाउंट आधीच चोराच्या हातात होतं.

तिथे पासवर्ड आणि मोबाइलवरचा कोड दिला की चोर तुमच्या नावाने एपीआय की, म्हणजे प्रोग्रामला तुमच्या अकाउंटवर काम करू देणारी चावी, काढू शकतो आणि गप्प बसतो. पुढे कधीतरी तुम्ही खऱ्या माणसाला ऑफर पाठवता, चोर ती रद्द करून त्याच नावाच्या, त्याच फोटोच्या बॉटकडे (आपोआप चालणाऱ्या अकाउंटकडे) तशीच ऑफर वळवतो आणि मोबाइलवर मंजूर तुम्हीच करता. म्हणून मंजुरीच्या वेळी समोरच्याची लेव्हल आणि अकाउंट कधी उघडलंय ते बघायचं. नाव-फोटो काय, कोणीही चिकटवतो. तुम्ही न काढलेली एपीआय की दिसली तर ती रद्द करा आणि पासवर्डही बदला.

सांगलीकर:
डिस्कॉर्ड या चॅट अॅपवर एक जण रडवेला होऊन, ‘भावा, चुकून तुझी तक्रार केली, आता तुझं स्टीम अकाउंट बंद होणार, स्टीमच्या या अधिकाऱ्याशी बोल.’ अधिकारी म्हणे, स्किन तपासणीसाठी पाठव. म्हटलं, साहेब, तुमचं ऑफिस डिस्कॉर्डवर कधीपासून? पुढे उत्तर नाही.

आई_मोड:
लेक रोब्लॉक्स या गेमच्या अॅपवर ‘अडॉप्ट मी’ हा प्राणी पाळायचा गेम खेळते. कोणीतरी तिला म्हणालं, ‘ट्रस्ट ट्रेड करू. आधी तू प्राणी दे, मग मी माझा देते.’ लेक मला विचारायला आली, कारण दोघींच्या वस्तू एकाच खिडकीत ठेवता येतात तर आधी-नंतर कशाला, हे तिला कळेना. मलाही कळेना! त्या गेममध्ये महागडे प्राणी देण्याघेण्याआधी फसवणूक ओळखायची छोटी परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. तिने दिली होती. आमच्या घरात लर्निंग लायसन्स काढताना कोणी एवढा अभ्यास केला नव्हता.

भावड्या:
बीजीएमआय या मोबाइल गेमचा आयडी, म्हणजे दुसऱ्याचं अकाउंट, ‘स्वस्तात’ घेणाऱ्यांनो, मूळ मालक जुन्या ईमेलवरून तो परत ओढून घेऊ शकतो. शिवाय आयडीची खरेदी-विक्री नियमातच बसत नाही, मग दाद कुणाकडे मागणार? आमच्या ग्रुपमधल्या एकाचा आयडी घ्यायला गिऱ्हाईक आलं, मध्यस्थही त्यानेच आणला. खऱ्या मध्यस्थाच्या नावापेक्षा याच्या नावात एक अक्षर जास्त होतं. मग यूपीआयवर रिक्वेस्ट, ‘पिन टाक, पैसे जमा होतील.’ पैसे घ्यायला पिन कशाला, असं विचारल्यावर गिऱ्हाईकच रुसलं, ‘भाऊ, विश्वास नाही का?’

रात्रपाळी:
@भावड्या, कोणाचे खरे पैसे गेले असतील तर लगेच १९३०ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावायला सांग. आणि तो मध्यस्थ अजून ग्रुपमध्ये आहे का?